इतिहासाचा पेपर माझ्या वाट्याला आला

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाशी नव्याने ओळख झाली आणि मी मानसशास्त्र शिकवते असं समजलं, की थोड्या वेळाने प्रश्न येतोच. "तुम्ही विश्वासात असून ते फ्रॉइड वगैरे कसं काय शिकवता?" स्टाफरूममध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. "इतकं वाचूनसुद्धा तुम्ही दर रविवारी चर्चला जाता?" दोन्हीकडची माणसं मनापासून विचारतात, म्हणून मला राग येत नाही. पण चहा संपेपर्यंत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. परवा आमच्या तरुण संघातल्या एका मुलीने फोन करून विचारलं, की पदवीला मानसशास्त्र घेऊ का, आणि शिकवणं हेच देवाने आपल्याला दिलेलं काम आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? तिच्याशी बराच वेळ बोलले, तरी निम्मं राहिलंच. ते सगळं आता इथे लिहून काढते.

सुरुवात आईपासून करायला हवी. आई मानसिक आजारांच्या वॉर्डात नर्स होती. वॉर्डातलं घरी बोलायचं नाही हा तिचा कडक नियम. कुणाचं नाव, कुणाची हकीकत आम्हाला कधी कळली नाही. पण रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिच्या तोंडून एखादं वाक्य यायचं: "प्रभू, आज एक जण फार घाबरलेला होता, त्याला शांत झोप लागू दे." त्याच माणसाला झोपेची गोळी तिनेच वेळेवर दिलेली असायची. गोळी आणि प्रार्थना यांच्यात काही भांडण आहे, हे मला पुष्कळ मोठेपणी, बाहेरच्या लोकांकडून समजलं.

मला व्हायचं होतं चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. शिक्षिका होण्याचा विचार मनाला शिवलाही नव्हता. एम.ए. झालं, मग रुग्णालयात प्रशिक्षण सुरू झालं. रोर्शाकची शाईच्या डागांची दहा कार्डं, बुद्धिमापन चाचण्या, रुग्णाचा पूर्वेतिहास त्याच्याकडून वेगळा आणि घरच्यांकडून वेगळा लिहून घ्यायचा, मग दोन्ही समोर ठेवून ताळमेळ लावायचा. हे काम मला आवडायचं आणि बरं जमायचंही.

तिथे एकदा एक वडील भेटले. मुलाला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं, औषधं लिहून दिली होती. हे गृहस्थ त्या कागदाची घडी घालत होते, पुन्हा उलगडत होते. शेवटी मला म्हणाले, "ताई, हे आमच्या हातून काही पाप झालं म्हणून झालं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं हे दिसत होतं. मग मी एक कोरा फॉर्म उलटा केला आणि त्याच्या मागे दोन मज्जापेशी काढल्या, मधली फट काढली, त्या फटीतून निरोप कसा जातो ते ठिपक्यांनी दाखवलं, आणि औषध नेमकं कुठे काम करतं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखंच?" मी म्हटलं, बरंचसं तसंच, पण एका बाबतीत वेगळं. ते वेगळं काय, हे सांगायला मला आणखी एक चित्र काढावं लागलं. जाताना त्यांनी तो फॉर्म मागून घेतला. घरी मुलाच्या आईला असंच काढून दाखवायचं होतं.

आमच्या पर्यवेक्षक मॅडम दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "तू शिकवायला जा." मला ते तेव्हा मुळीच रुचलं नाही. मी रुग्ण बघायला आले होते.

पुढे एका महाविद्यालयात एक प्राध्यापिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एका सत्रापुरती शिकवायला कुणीतरी हवं होतं. मॅडमनीच माझं नाव सुचवलं. तिथे पेपरांची वाटणी आधीच झाली होती. अपसामान्य मानसशास्त्र, समुपदेशन, सामाजिक मानसशास्त्र हे सगळे लोकप्रिय पेपर कायम लोकांकडे होते. उरला होता मानसशास्त्राचा इतिहास. तो कुणालाच नको असतो. मुलांना तो सनावळ्यांचा वाटतो आणि शिकवणाऱ्यांना मुलांच्या जांभया मोजाव्या लागतात. तो माझ्या वाट्याला आला, आणि त्या पेपरने माझं आयुष्य ठरवलं.

तयारीला बसले तेव्हा मला वाटत होतं, की या शास्त्राचे आद्यपुरुष म्हणजे देवाधर्माशी काडीमोड घेतलेली मंडळी असणार. वाचत गेले तसतशी एकेकाच्या घरची माणसं दिसायला लागली. गुस्टाव्ह फेक्नरचे वडील पाळक. विल्हेल्म वुंट, ज्याने १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली आणि जिथून आम्ही सगळे या विषयाचं वय मोजतो, त्याचेही वडील पाळक. कार्ल युंग पाळकाचा मुलगा. इव्हान पावलोव्ह धर्मगुरूचा मुलगा, स्वतः रियाझानच्या धर्मविद्यालयात शिकलेला. १८७० मध्ये ते सोडून तो निसर्गविज्ञान शिकायला सेंट पीटर्सबर्गला गेला. कार्ल रॉजर्सने न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षं काढली आणि मग समोरच्याच कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेला. यांतले काही विश्वासापासून दूर गेले, काही वेगळ्याच वाटेने देवाकडे बघत राहिले. पण प्रश्न सगळ्यांनी घरून आणले होते. मन म्हणजे काय, माणूस बदलतो तो कशाने, आतला आवाज खरा कोणता? हे प्रश्न मीही लहानपणी संडे स्कूलच्या बाकावर बसून विचारले होते.

वुंटच्या लहानपणातली एक गोष्ट मला विशेष भावते. त्याला पहिल्यांदा शिकवलं ते त्याच्या वडिलांच्या हाताखाली काम करणाऱ्या एका तरुण धर्मसेवकाने. पुढे त्या धर्मसेवकाची शेजारच्या गावी बदली झाली, तेव्हा या मुलाला त्याचा इतका लळा लागला होता की घरच्यांनी त्याला त्या शिक्षकाकडेच राहायला पाठवलं. दरवर्षी प्रयोगशाळेच्या सनाआधी मी हे सांगते.

आणि फेक्नर! हा मुळात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. रंगीत काचांतून सूर्याकडे बघत दृष्टीवर प्रयोग करता करता त्याचे डोळे अधू झाले, शरीर आणि मन दोन्ही ढासळले आणि १८४० नंतरची काही वर्षं त्याने अंधाऱ्या खोलीत, माणसांपासून तुटून काढली. त्यातून तो उठला. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला सुचलं, की बाहेरचं उद्दीपन आणि आतलं संवेदन यांचं नातं गणितात मांडता येईल. त्यातून १८६० साली मनोभौतिकीचा ग्रंथ आला. वर्गात हे सांगून झालं की मी डोळे मिटलेल्या एका मुलाच्या दोन्ही हातांत वजनं देते आणि एका बाजूला थोडं थोडं वाढवत जाते. "आता जड लागतंय" असं तो म्हणतो त्या क्षणाची सगळा वर्ग श्वास रोखून वाट बघतो. मग दोन्हीकडे मोठी वजनं घेऊन तेच करते. आता मघाएवढी भर पुरत नाही. आधीचं ओझं जितकं जास्त, तितका फरक जाणवायला जास्त भर लागते. हा वेबरचा नियम मुलं पाठ करत नाहीत, हाताने शिकतात. त्या पहिल्या सत्रात हा तास संपला तेव्हा घंटा होऊनही कुणी उठलं नाही, चार-पाच जण वजनांभोवतीच घोटाळत राहिले. त्या दिवशी बसमधून घरी जाताना मी देवाचे आभार मानले आणि रुग्णालयातल्या पूर्णवेळ जागेसाठी भरलेला अर्ज मागे घ्यायचं ठरवलं.

पाचारणाबद्दल, म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी बोलावण्याबद्दल, लोक विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक एखादा आवाज, एखादं स्वप्न अपेक्षित असतं. मला आवाज आला नाही. बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला आला होता, पण त्यालाही तो ओळखता आला नाही. तो पुन्हा पुन्हा उठून एली याजकाकडे धावत गेला. हा हाक मारणारा कोण आहे, हे म्हाताऱ्या, दृष्टी मंदावलेल्या एलीच्या लक्षात आलं. माझ्या बाबतीत एलीचं काम त्या पर्यवेक्षक मॅडमनी केलं, आणि त्या विश्वासातल्या नव्हत्या. मला यात काही वावगं वाटत नाही. देव कुणाच्या तोंडून बोलेल हे आपण ठरवायचं नसतं.

इतिहासाच्या पेपरातच मला मेरी व्हिटन कॅल्किन्स भेटल्या. त्याही पाळकाच्या कन्या. १८८७ पासून वेलस्ली कॉलेजात त्या ग्रीक शिकवत होत्या. तिथल्या तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाने त्यांची शिकवण्याची हातोटी पाहिली आणि सुचवलं, की वर्षभर अभ्यास करून या आणि आमच्याकडे मानसशास्त्र शिकवा. म्हणजे विषय नंतर आला, शिक्षकपण आधी होतं. त्या हार्वर्डला गेल्या. तिथे बायकांना प्रवेश नव्हता, पाहुणी म्हणून वर्गात बसण्याची परवानगी तेवढी मिळाली. विल्यम जेम्सच्या चर्चासत्रातून बाकीचे विद्यार्थी हळूहळू गळाले आणि शेवटी ग्रंथालयातल्या शेकोटीच्या एका बाजूला जेम्स आणि दुसऱ्या बाजूला कॅल्किन्सबाई, असं ते सत्र चाललं. जेम्सचा मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ तेव्हा, १८९० साली, नुकताच छापून आला होता. पुढे बाईंनी स्मृतीवर संशोधन केलं, आकड्यांची रंगांशी जोडी लावून ती लक्षात ठेवायला देण्याची पद्धत त्यांनी काढली, डॉक्टरेटच्या सगळ्या अटी पुऱ्या केल्या. परीक्षकांनी एकमुखाने शिफारस केली. हार्वर्डने पदवी दिली नाही, कारण त्या बाई होत्या. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली. काम हार्वर्डमध्ये केलं होतं, पदवी दुसरीकडची का घ्यायची? १९०५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, आणि वेलस्लीत १९२९ पर्यंत शिकवत राहिल्या. पदवीवाचून त्यांचं काही अडलं नाही असं मी म्हणणार नाही, अन्याय तो अन्यायच. पण त्यांचं शिकवणं कुणाच्या कागदावर अवलंबून नव्हतं, हे मला त्या हंगामी नेमणुकीच्या काळात फार आधाराचं वाटायचं. पुढचं सत्र मिळेल की नाही हे सत्राच्या शेवटापर्यंत माहीत नसायचं.

त्या काळाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण तरुण संघातल्या त्या मुलीला मी हे आवर्जून सांगितलं. पाचारण या गोष्टीचा गैरफायदा घेतला जातो. एमी व्झेस्नीव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लोक आपल्या कामाकडे कसे बघतात याचा अभ्यास मांडला. काहींना काम म्हणजे पोटापाण्याचं साधन, काहींना बढतीची शिडी, काहींना पाचारण. त्यात एकाच प्रकारचं काम करणाऱ्या २४ प्रशासकीय सहायकांचा एक गट होता, आणि तेही या तीन प्रकारांत साधारण सारखे विभागलेले निघाले. हुद्दा एकच, टेबल तेच, तरी नातं निराळं. हे मला मनापासून पटतं. मार्टिन ल्यूथरही सोळाव्या शतकात हेच सांगत होता, की धर्मगुरूच्या कामाइतकंच मोच्याचं कामही देवाने दिलेलं आहे. पण २००९ मध्ये बंडरसन आणि थॉम्पसन यांनी प्राणिसंग्रहालयात जनावरांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात दुसरी बाजू दिसते. ज्यांना हे काम आपल्यासाठीच आहे असं वाटत होतं, ते त्याला फार अर्थपूर्ण मानत होते, आणि तेच लोक कमी पगार, गैरसोय, वैयक्तिक त्याग निमूट सहन करायलाही तयार होते. अशा माणसाला राबवून घेणं वरच्यांना सोपं जातं. शिक्षकांच्या बाबतीत हे किती खरं आहे ते सांगायला नको. "तुम्ही तर सेवाभावी आहात" हे वाक्य मी संस्थेतही ऐकलंय आणि मंडळीतही. त्या वाक्यापाठोपाठ बहुतेक वेळा एक बिनपगारी काम येतं. देवाने दिलेलं काम आहे म्हणून त्याचं योग्य मोल मागू नये, असं पवित्र शास्त्रात कुठेही नाही. उलट कामकऱ्याला त्याची मजुरी मिळायलाच हवी असं येशूने सांगितलं आहे.

आता फ्रॉइडकडे येते, कारण खरा प्रश्न तिथेच अडतो.

१९२७ मध्ये फ्रॉइडने धर्मावर एक छोटं पुस्तक लिहिलं. धर्म हा भ्रम आहे, असहाय मुलाला जसा बाप हवा असतो तसा माणसाला देव हवा असतो, हा त्याचा गाभा. हे मी शिकवते आणि पूर्ण ताकदीने शिकवते. आधी फ्रॉइडची बाजू इतकी नीट मांडायची, की समोर फ्रॉइड बसला असता तर त्याने मान डोलावली असती. तो म्हणतो, भ्रम आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी समजूत आपल्या इच्छेतून जन्मते तो भ्रम, मग ती पुढे खरी निघो वा खोटी. एखाद्या मध्यमवर्गीय मुलीला वाटलं की राजपुत्र येऊन आपल्याशी लग्न करणार, तर तो भ्रम, पण क्वचित तसं घडूही शकतं. म्हणजे देवावरचा विश्वास इच्छेतून आला एवढं दाखवलं तरी देव नाही हे आपोआप सिद्ध होत नाही, आणि फ्रॉइडला याची जाणीव होती. परीक्षेत बहुतेक मुलं ही पायरी गाळून "फ्रॉइडने देव नाही हे सिद्ध केलं" असं लिहितात. त्याचे मी गुण कापते. विश्वासातल्या मुलांनी "फ्रॉइड चुकला" एवढंच लिहिलं तर त्यांचेही कापते.

मग ऑस्कर फिस्टर येतो. झुरिकचा पाळक, आणि त्याच वेळी मनोविश्लेषक. १९०९ पासून फ्रॉइडशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि तो फ्रॉइडच्या अखेरीपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, टिकला. मनोविश्लेषण हे अवजार आहे, ते स्वतः ना धार्मिक ना धर्मविरोधी, पाळकही ते दुःखितांच्या सुटकेसाठी वापरू शकतो, असं फ्रॉइडनेच त्याला सुरुवातीला लिहिलं होतं. धर्मावरचं पुस्तक आलं तेव्हा फिस्टरने त्याला उत्तर लिहिलं, आणि ते १९२८ मध्ये फ्रॉइडच्याच नियतकालिकात छापून आलं. फ्रॉइडने ते दडपलं नाही, उलट ते प्रसिद्ध व्हावं यासाठी उत्तेजन दिलं. मतभेद मिटले नाहीत. मैत्रीही तुटली नाही. हा तास घेताना माझा आवाज चढतो, असं मुलं सांगतात. चढत असेल. या दोघांचं नातं मला वर्गात हवं असतं.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. घरचा ख्रिस्ती, आजी रोज सकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. तो म्हणाला, "मॅडम, फ्रॉइड वाचल्यापासून मला प्रार्थना करताना लाज वाटते. मी स्वतःशीच बोलतोय असं वाटतं." मी त्याला धीर देणारं वचन काढून दिलं नाही. त्याला विचारलं, आईशी बोलताना तुला तिची गरज असते का? असते म्हणाला. मग गरज आहे म्हणून आई खोटी ठरते का? तो थोडा हसला आणि म्हणाला, "पण आई दिसते." मी म्हटलं, बरोबर, आता तू खऱ्या प्रश्नापाशी आलास, आणि हा प्रश्न मानसशास्त्राच्या साधनांनी सुटणारा नाही. प्रार्थना करणाऱ्याच्या मनात काय घडतं हे आम्ही मोजू शकतो. पलीकडे ऐकणारा कुणी आहे का, हे मोजायला आमच्याकडे वजनं नाहीत. मी काय मानते ते त्याने विचारलं तेव्हा सांगितलं, दोन वाक्यांत. तो पुढे विश्वासात राहिला की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याच्यासाठी प्रार्थना करते.

वर्गात मी आपण होऊन माझ्या विश्वासाची साक्ष देत नाही. मंडळीतल्या काही ज्येष्ठांना हे आवडत नाही. "एवढी तरुण मुलं समोर असतात, संधी का घालवता?" असं विचारतात. माझं म्हणणं असं, की त्या मुलांचे गुण माझ्या हातात आहेत. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्या विश्वासाला मान डोलावणं मुलांना भाग पडतं, आणि असा होकार येशूने कधी कुणाकडून घेतला नाही. शुभवर्तमानातला श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याला जाऊ दिलं. याकोबाच्या पत्रात तर पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं बजावलं आहे. हे मी विसरत नाही. उत्तरपत्रिका मी नाव झाकून तपासते, ते त्यामुळेच.

मंडळीत मात्र मी मानसशास्त्राबद्दल मोकळेपणाने बोलते, कारण तिथली गरज वेगळी आहे. आमच्या ओळखीतल्या एका बहिणीने नैराश्यावरची औषधं मध्येच बंद केली, कारण कुणीतरी तिला सांगितलं की गोळी घेणं म्हणजे प्रभूवर पूर्ण भरवसा नसणं. तिचे पुढचे महिने फार कठीण गेले. त्यानंतर पाळकसाहेबांनी मला स्त्रियांच्या सभेत बोलायला सांगितलं. मी एलीयाची गोष्ट घेतली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला पुन्हा खाऊ घालतो. बोलणं पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर. नैराश्यात झोप आणि भूक आधी बिघडते आणि उपचारातही आम्ही आधी तिथेच लक्ष देतो, हे सांगितल्यावर सभेतल्या कितीतरी जणी वह्या काढून लिहायला लागल्या. त्या बहिणीने पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं पुन्हा सुरू केली.

डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग मी वर्गात आणि मंडळीत, दोन्हीकडे सांगते. प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातले ४० विद्यार्थी. काहींना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलायचं होतं (येशूच्या या गोष्टीत वाटेवर जखमी पडलेल्याला याजक आणि लेवी टाळून जातात, परका शोमरोनी मदत करतो), काहींना पुढच्या नोकऱ्यांवर. दुसऱ्या इमारतीत जाताना वाटेत एक माणूस दारापाशी कोसळलेला, खोकत, कण्हत. काही विद्यार्थ्यांना आधी सांगितलं होतं की तुम्हाला उशीर झालाय, काहींना की अजून वेळ आहे. ज्यांना घाई नव्हती त्यांतल्या ६३ टक्क्यांनी मदत केली, ज्यांना फार घाई होती त्यांतल्या फक्त १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय शोमरोनी असण्याने म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर दाखल्यावर बोलायला जाता जाता त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले. बॅटसन स्वतः धर्मशास्त्र शिकलेला माणूस. विश्वास लहान करायला त्याने हा प्रयोग केला असं मला वाटत नाही. याजक आणि लेवी का थांबले नाहीत याचं एक उत्तर त्याने आपल्यापुढे ठेवलं: त्यांना कुठेतरी वेळेवर पोहोचायचं असेल.

वेळापत्रक बनतं तेव्हा मी विभागप्रमुखांकडे एकच आग्रह धरते, की इतिहासाच्या तासानंतरचा तास मला रिकामा हवा. त्या तासानंतरच मुलं थांबतात. कुणाला टिपण हवं असतं, कुणाला घरी काय चाललंय ते सांगायचं असतं, आणि ते टिपणापासूनच सुरू होतं. मला घाई असेल तर ते टिपण घेऊन निघून जातील. ज्यांना उपचारांची गरज दिसते त्यांना मी समुपदेशकाकडे पोहोचवते. शिक्षिकेने विद्यार्थ्याची थेरपिस्ट होऊ नये हा आमच्या व्यवसायातला नियम आहे आणि तो योग्य आहे. पण पहिल्यांदा ऐकून घेणं माझ्या कामात बसतं.

कधी कधी प्रात्यक्षिकाच्या वर्गातही मला आतून भरून येतं. आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची असते. हात समोर दिसत नाही, दिसतं ते आरशातलं उलटं चित्र. पहिल्या फेरीत पेन्सिल कोपऱ्यावर अडकते, भलतीकडेच जाते, हुशार मुलंही घामाघूम होतात. उजव्या हाताने पुष्कळ सराव झाल्यावर मी म्हणते, आता डावा. या हाताने एकदाही सराव केलेला नसतो, तरी तो पहिल्या चाचणीपेक्षा स्पष्टपणे बरा चालतो. "मॅडम, याला कुणी शिकवलं?" असं एका मुलीने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत विचारलं होतं. द्विपार्श्व संक्रमण हे नाव मी तिला नंतर सांगितलं. आधी तिला तसंच बघू दिलं. पूर्ण बुद्धीनेही देवावर प्रीती करावी अशी आज्ञा आहे, आणि मला ती अशा वेळी सर्वांत सोपी वाटते.

तरुण संघातल्या त्या मुलीला मी मानसशास्त्र घे किंवा घेऊ नको, यातलं काहीच सांगितलं नाही. तिला विचारलं, की तुला काही नवीन कळलं तर ते आधी कुणाला सांगावंसं वाटतं, आणि समोरच्याला नाही कळलं तर तू कंटाळतेस की दुसरी वाट शोधतेस? ती विचार करून सांगते म्हणाली. तिला आमच्या वर्गात येऊन बसायचं निमंत्रण दिलंय, विभागप्रमुखांची परवानगी घेतली आहे.

या सत्रापासून आमच्याकडे धर्माचं मानसशास्त्र हा ऐच्छिक पेपर सुरू होतोय. अभ्यासक्रम मीच लिहिलाय. ऑलपोर्ट आणि रॉस यांचा १९६७ चा अभ्यास त्यात आहे. चर्चला जाणाऱ्यांत सरासरीने पूर्वग्रह न जाणाऱ्यांपेक्षा जास्त का आढळतात, आणि ज्यांच्यासाठी धर्म हे दुसऱ्या कशाचं साधन नसून जगणंच आहे त्यांच्यात ते कमी का, हा प्रश्न मला आमच्या मंडळीतही नेऊन मांडायचा आहे. पहिल्या दोन आठवड्यांत फ्रॉइड आणि फिस्टर. सादरीकरणासाठी चिठ्ठ्या न टाकता मुलांनाच निवडू दिलं. स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या एका मुलाने फिस्टर मागून घेतला, आणि पाळकांच्या घरातल्या एका मुलीने फ्रॉइड. दोघांनी काल माझ्याकडून वाचायची पानं नेली. ती मुलगी विचारत होती, फ्रॉइडची बाजू घेताना मध्ये थांबून स्वतःचं मत सांगितलं तर चालेल का? मी म्हटलं, आधी त्याचं सगळं सांगून होऊ दे, मग तुझ्यासाठी वेळ ठेवलाय.